पुढे गतिरोधक आहे

वरवंडच्या आमच्या साइट ऑफिसात खडी संपायची, किस्से संपत नव्हते. आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत येणार, तिच्यासाठी दौंड-शिरूरकडचे रस्ते गुळगुळीत करायचे, एवढंच काम. पण कोण काय सांगतंय आणि का सांगतंय, हे मला सुपरवायझर असून शेवटपर्यंत कळलं नाही. देवाशपथ!

*

पहिल्याच गावात काम अडवलं. खड्डे बुजवायला गेलो, तर पंधरा माणसं रस्त्यात आडवी!

"रस्ता मागितला कुणी?"

"कुणीच नाही, मामा. असाच करून देतोय."

"ह्योच तर डाव हाय! मोर्चं काढलं तवा आला न्हाई, आन् आता न मागता? जमिनी घ्यायच्यात तुम्हाला!"

दुपारपर्यंत घसा फोडला. शेवटी 'रस्ता चांगला झाल्यास सर्वस्वी मी जबाबदार' असं लिहून दिलं, तेव्हा कुठे रोलर हलला.

*

साळवे मॅडम आमच्या क्वालिटी इंजिनिअर, केडगावच्या, तोंडाने फटकळ. त्या सकाळी नवा रस्ता तपासायला गेल्या, तर अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला. त्याच वेळी शर्यतीचे परदेशी पाहुणे पाहणीला हजर! पिवळाधमक रस्ता बघून त्यांनी फोटो काढले आणि विचारलं, "हा कुठला थर?"

मॅडम म्हणाल्या, "टेम्पररी."

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं, देव जाणे.

*

एका सरपंचांनी शाली, नारळ, मांडव, सगळी तयारी केली आणि मला विचारलं, "आमच्या गावात सायकलवाले किती वेळ थांबणार?"

"थांबत नाहीत. चाळीस सेकंदांत पार."

"मग सत्कार कवा करायचा?"

सरपंच जवळ सरकले, "एखाद्याचं पंक्चर करता येईल का? त्याचाच करू!"

*

बांधकाम खात्याचं पत्र आलं, शर्यतीच्या वाटेत एकही गतिरोधक नको. केडगावपलीकडच्या एका वस्तीवर जेसीबी नेला, तर आप्पा पुढे आले. घर रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे.

"नातीला मोटरसायकलनं उडवलं, पाय मोडला तिचा. तवा कुठं हा ब्रेकर मिळाला. आन् तुम्ही उपटताय?"

"शर्यत झाली की परत टाकतो, आप्पा. शब्द देतो!"

दहा मिनिटांत रस्ता सपाट. लई वाईट वाटलं मला.

"मग बोर्ड तरी ठिवा मला," आप्पा म्हणाले. 'पुढे गतिरोधक आहे' असा पिवळा पत्रा. कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतील, असं समजून दिला.

*

शर्यत झाली. खरंच चाळीस सेकंद! मी लगेच गतिरोधकासाठी खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क म्हणाला,

"आधी सांगा, काढला कुणाच्या आदेशाने?"

"तुमच्याच पत्राने."

"ते पत्र शर्यतीचं. शर्यत संपली. नवा प्रस्ताव पाठवा."

पाठवला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. इकडे त्या गुळगुळीत रस्त्यावरून गाड्या नुसत्या उडत होत्या. आप्पांचा फोन आला की मी आधी नातीचं विचारायचो. पुढे फोन यायचाही बंद झाला. माझी तिकडे जायची हिंमत होईना.

मग एक दिवस खात्याचे मोठे साहेब रस्ता बघायला आले आणि मला जीपमध्ये घातलं. शाळा सुटायची वेळ. ड्रायव्हर बबन सुसाट. वस्ती जवळ आली आणि बबनने एकदम वेग कमी केला. पुढचा ट्रक हळू, एसटी हळू, सगळेच हळू. रस्त्याकडेला नव्या पाइपावर आपला पिवळा बोर्ड!

पोरं रांगेत रस्ता ओलांडत होती. पुढे आप्पांची नात, जरा लंगडत. खुर्चीवर बसलेल्या आप्पांनी मला हात केला, "रामराम!"

साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "गतिरोधक कुठाय?"

मी म्हणालो, "पुढे असेल, साहेब."

अर्धा किलोमीटर बैलगाडीच्या चालीने गेलो. साहेब मागे वळून पोरांकडे बघत होते.

बबन म्हणाला, "साहेब, दिसंना की कुठं. पळवू का?"

"बोर्ड आहे ना? मग हळूच घे. येईल."