कोकणा, कोकणी आणि आमचं लावलेलं दार

महाराष्ट्राबाहेर, गिरण्यांच्या पांडेसऱ्यात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण म्हणाली, "आदिवासी लोकांना मी देत नाही हं. तुम्ही कोण?" डाईंग मिलमध्ये दुसऱ्या दिवशी नवऱ्याला हजर व्हायचं होतं आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. मीच म्हटलं, "कोकणी." आम्ही कोकणा. नवापूरकडचे, डोंगरातले, नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर खाणारे आदिवासी. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो इथल्या डुमसला! बाईनं आम्हाला समुद्राकाठचे कोकणी समजून किल्ली दिली आणि मी समजू दिलं.

थाप मारली की ती निभवावी लागते. मी मोदकाचा साचा आणला. गणपतीत नारळ खवून खवून मनगटं भरून यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काय हात आहे, कोकणातलाच!" आणि मी मेली खूशही व्हायचे.

अंगाशी आलं ते मुलीच्या नर्सिंगच्या वेळी. महाराष्ट्रातल्या कॉलेजात तिला राखीव जागा मिळाली होती, पण जातीच्या दाखल्याची पडताळणी झाल्याशिवाय ती पक्की होणार नव्हती. चौकशीचे साहेब गल्लीत आले आणि आमचं घर विचारलं कुणाला, तर शेजारणीला. ती जळगावकडची. मनानं सोनं, पण तोंडाला कुलूप नाही. कौतुकानं ओरडली, "हाई घर कोकणवालानं शे! मोदक खाऊन बघा साहेब यांच्या हातचे!"

साहेबांनी उभ्या उभ्याच वहीत काहीतरी टिपलं. आत येऊन बसले आणि म्हणाले, "कोकणातले लोकही कोकणा म्हणून अर्ज करतात. तुमच्या रीती सांगा." मी भडाभडा सुरू केलं, डोंगऱ्या देव, वाघदेव... त्यांनी हात वर केला. "तुम्ही नाही. दाखला मुलीचा आहे. सांग बाळ, तुमची धान्याची देवी कोणती?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तिला कुठून ठाऊक असणार? शाळेत बोलून बसेल या भीतीनं मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. माझ्या थापेपायी आता तिची जागा जाणार होती. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. शेजारीण दारातून हलत नव्हती.

"नाव नाही माहीत," पोरगी म्हणाली. मग उठली आणि धान्याच्या डब्यातून नागलीच्या कणसांची जुडी काढली. दोन दाणे सांडले, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून तिनं बोटानं टिपले, कपाळाला लावले आणि परत डब्यात टाकले. "गावाहून नवी नागली आली की आई आधी या जुडीला शेंदूर लावते, हात जोडते. तोवर भाकर थापत नाही. दार लावून करते सगळं."

साहेबांचं पेन भराभर चाललं होतं, ते थांबलं.

"दार लावून का?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. शेजारणीनंही.

"कणसरी," मी म्हटलं. "देवीचं नाव कणसरी. आणि दार लावायचे, कारण आम्ही आदिवासी आहोत हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. लाज वाटायची मला, साहेब."

"हे लिहू?"

"लिहा."

जबाबाच्या त्याच कागदावर पोरीचा दाखला मंजूर झाला. माझी लाजही त्यात लिहिलेली आहे, आणि वाचून खाली सही पोरीनं केली आहे.