शून्यावरची खूण

मी सातवीत असताना आमच्या गावात एका माणसाने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या. दिवसभर तो चावडीपुढे बसून आपल्या वारलेल्या भावाशी बैलांच्या खरेदीबद्दल बोलत होता. समोर कुणीच नव्हतं. त्याचे डोळे मोठाले झाले होते आणि तोंडाला इतकी कोरड पडली होती की शब्द टाळूला चिकटत होते. कोरड एका ठिकाणाहून आली होती आणि भाऊ दुसऱ्या ठिकाणाहून, हे कळायला मला चंदीगड गाठावं लागलं.

औषधशास्त्रात संशोधन करायला मी तिकडे गेलो तेव्हा पंजाबातली दहशतवादाची ती वाईट वर्षं चालू होती. वडील नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दिवशी वडिलांनी ते सगळ्या आळीत फिरवून आणलं. त्यामुळे तिथे गेल्यावर मला काहीही वाटलं, तरी तक्रार करायचा हक्क आपल्याला नाही असंच मी धरून चाललो होतो. दर आठवड्याला घरी कार्ड टाकायचो : इकडे सर्व ठीक आहे. खरं म्हणजे संध्याकाळी सातलाच रस्ते ओस पडायचे, चौकात वाळूच्या पोत्यांमागून बंदुकीची नळी दिसायची आणि वसतिगृहाच्या खोलीत मी रविवारचे रविवार कुणाशी न बोलता काढायचो. एकदा बस थांबवून पोलिसांनी आम्हाला हात वर करून उभं केलं होतं, तेव्हा माझं हृदय कानात वाजत होतं. तेही मी घरी कळवलं नाही.

विभागात माझ्याहून वरच्या वर्षाला एक पंजाबी संशोधक होती. सगळे तिला दीदी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. जवळच्या खरड गावाहून बसने यायची आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायची. तिचा प्रबंध त्या धोतऱ्याच्या माणसाच्या कोड्यावरच होता. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. धोतऱ्यातलं औषध त्यांतून पार होतं, म्हणून ते तोंड कोरडं करतं आणि मनातही शिरतं. त्याच कुळातलं दुसरं एक औषध प्रयोगशाळेत तयार केलेलं आहे. त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि त्या भारामुळे ते मेंदूच्या भिंतीपाशी अडतं. त्याने तोंड कोरडं पडेल, छाती धडधडेल, पण मनाला काही कळू नये. हे माणसांवर नीट मोजून दाखवायचं होतं. स्वयंसेवक मोजकेच मिळाले होते. मी लगेच हो म्हटलं.

त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी गेलो. दीदीने एक फॉर्म पुढे ठेवला. त्यावर दहा-दहा सेंटीमीटरच्या आडव्या रेघा होत्या. काही शरीराच्या : कोरड, धडधड, घाम. काही मनाच्या : भीती, बेचैनी, उदासी. डावं टोक म्हणजे अजिबात नाही, उजवं म्हणजे असह्य. इंजेक्शनच्या आधी आत्ता जे वाटतंय त्याच्या खुणा करायच्या होत्या. मी सगळ्या खुणा डाव्या टोकाला केल्या.

दीदीने कागद उचलून पाहिला. "सब ज़ीरो? यार, ज़ीरो तो मुर्दे का होता है."

मी हसून ठीक आहे म्हटलं. इंजेक्शन त्या दोन औषधांपैकी कुठलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्या मार्गदर्शक सरांनी नुसते आकडे घातलेल्या कुप्या दिल्या होत्या.

अर्ध्या तासात जीभ लाकडासारखी झाली. हृदय इतकं जोरात चालू लागलं की शर्टाचं बटण हललेलं दिसत होतं. बस थांबवली होती त्या दिवशीची तीच धडधड, पण या वेळी तिच्यात भीती नव्हती. मी ती बाहेरून पाहत बसलो होतो, शेजारच्या खोलीत कुणी तरी दार ठोकतंय आणि आपल्याला उठायचं नाही, तसा. दर पंधरा मिनिटांनी दीदी यायची, नाडी मोजायची, नवा कागद पुढे करायची आणि ठरलेला प्रश्न विचारायची, अब कैसा लग रहा है?

पहिल्या चार वेळा मी मनाच्या रेघांवर शून्यच दिलं. पण तो प्रश्न येतच राहिला. चंदीगडला आल्यापासून मला तो कुणी विचारला नव्हता, आणि इथे एक माणूस पेन हातात घेऊन उत्तराची वाट पाहत होतं. पाचव्या खेपेला मी खरंच विचार केला आणि उदासीची खूण मधोमध केली. दुपारपर्यंत ती सातच्या पुढे गेली होती.

शेवटी दीदीने घरून आणलेला मुळ्याचा पराठा दिला. कित्येक महिन्यांनी घरचं अन्न समोर आलं होतं आणि ते गिळायला तोंडात थुंकी नव्हती. तिला बस गाठायची होती, ती गेली. लाळ सुटेपर्यंत संध्याकाळ झाली. तो पराठा मी खोलीत एकट्याने खाल्ला.

पुढच्या आठवड्यात सरांनी कुठल्या कुपीत काय होतं त्याचे लिफाफे उघडले. मला मिळालं होतं ते मेंदूत न शिरणारं औषध. बाकी सगळ्यांचे कागद नीट बसत होते, माझ्याच कागदावर उदासी शून्यापासून सातच्या पुढे चढलेली. सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. आवाज न चढवता ते म्हणाले की औषध तर भिंत ओलांडत नाही, म्हणजे कुप्यांची अदलाबदल झाली असणार. आणि एक कुपी बदलली तर बाकीच्यांचा भरवसा काय?  दीदीचे ओठ पांढरे पडले होते. सगळं काम पुन्हा करायचं म्हणजे तिचं एक वर्ष गेलं असतं, आणि त्या बसच्या रस्त्याने आणखी एक वर्ष यायला घरचे तिला पाठवणार नव्हते, हे तिने मला सांगितलेलं होतं.

सरांपुढे खोटा ठरलो तर शिष्यवृत्ती जाईल, असं मला वाटत होतं. तरी बोललो. "सर, कुपी बरोबर होती. मी पहिलीच खूण खोटी केली."

क्यों, असं त्यांनी विचारलं.  मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की सर, इतकं मिळाल्यावर काही कमी आहे असं लिहिणं बरं दिसत नाही. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, हा कागद रद्द, कारण फायलीत लिहून ठेवा, आणि याला याच औषधावर पुन्हा बसवा.

पंधरा दिवसांनी पुन्हा तीच खुर्ची. या वेळी इंजेक्शनच्या आधीच मी उदासीची खूण सातच्या पुढे केली. दीदीने ती पाहिली, वेळ लिहिली आणि सुई टोचली. जीभ पुन्हा लाकूड झाली, बटण पुन्हा हलू लागलं. कोरड आणि धडधड चढत गेली, उतरली. उदासीची खूण सकाळपासून दुपारपर्यंत जिथल्या तिथे राहिली. ते औषध तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. सरांनी कागद एकावर एक ठेवून पाहिले आणि पटल्यासारखी मान डोलावली.

दीदीने पेनाला टोपण लावलं. मग फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला.

"कब से है?"

"जुलै से," मी म्हणालो. जुलैत मी आलो होतो.

तिने डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी तोंडाकडे बोट दाखवलं, अजून गिळता येत नव्हतं. तिने घड्याळ पाहिलं. तिची नेहमीची बस निघायची वेळ झाली होती, त्यानंतर एकच उरत होती. ती स्टुलावर बसली आणि मला घास गिळता येईपर्यंत बसून राहिली.