गोड्या पाण्याची विहीर

आमचे हे, सुयोग काळे, भूरसायनशास्त्रज्ञ. लग्नानंतर आमच्या गावात, जळोचीत, मी हे सांगितलं की बायका विचारायच्या, "म्हंजी पाणाडे का?" हातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला आमच्याकडे मान जास्त. यांच्या वाट्याला आलं ते खालचं पाणी कसं नासतंय हे मोजत बसणं. बारामती-इंदापूरकडच्या उसातल्या विहिरी एकेक करून खारट होत गेल्या आणि यांचा जन्म बाटल्या भरण्यात गेला.

एकटी निमगाव केतकीच्या गेणबांची विहीर उलटी वागायची. गेणबांनी ऊस मोडून डाळिंब लावलं, ठिबक केलं आणि विहिरीचा खारेपणा दरसाल उतरत गेला. मी तिला सवत म्हणायचे. बिघडलेलं पाणी सुधारतं, याचा यांच्याकडे तेवढा एकच पुरावा होता. गावोगाव सांगत फिरले, गेणबांसारखं करा. तिथला नमुना घेतला की वर पेलाभर पाणी पिऊन दाखवायचे.

पुढच्या महिन्यात हे रिटायर होणार. त्याआधी छकुलीचं, आमच्या मुलीचं लग्न. आमंत्रण द्यायला आम्ही न कळवताच गेणबांच्या वस्तीवर गेलो. गेणबा बाजारला गेले होते. यांनी सवयीने विहिरीचं पाणी मागितलं, तशा त्यांच्या बायको चंद्राबाई दारातच थबकल्या.

"आज नगा पिऊ, साहेब. तुमचा फोन आला की तुमी यायच्या आदल्या दिशी आमी शेततळ्याचं पाणी हिरीत सोडतो. पाव्हण्याला खारट पाणी कसं द्यायचं? खारेपना वाढंल तसं जास्त सोडायचं."

"पहिल्यापासून?"

"व्हय की."

यांनी स्वतः पोहरा टाकला, घोटभर तोंडात घेतलं आणि थुंकलं. त्या माउलीवर चिडायचं तरी कसं? मला मात्र रडू आवरेना.

निघताना बांधावर शेजारचा जयवंता भेटला. यांचं ऐकून त्यानेही ऊस मोडला होता.

"साहेब, पाच वरसं झाली. माज्या हिरीचं पाणी कवा गोडं व्हनार?"

नमुना तपासल्याशिवाय हा माणूस कधी कुणाला शब्द देत नसे. घरच्या आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा दोनदा चाखून सांगायचा.

"होईल," हे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.