पावणे आले की पाव कमी

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा पूर्णांकांबरोबरच संपली. अपूर्णांक पाचवीच्या पुस्तकात सुरू होत. परंतु त्याच वर्षी आईने अंथरूण धरले. शेगडीपुढे कोणीतरी उभे राहणे भाग होते, आणि ते कोणी, हा प्रश्न आमच्या घरात मोठ्याने विचारला गेला नाही. मी शिकलो. ताई उभी राहिली. पुढे लग्न, एक मुलगी, वैधव्य आणि अखेर एका मोठ्या रुग्णालयाचे धुलाईघर, हा सारा प्रवास तिने उभ्यानेच केला.

धुलाईघरात यंत्रे कपडे धुतात, मग माणसांना काम ते काय, असे विचारणारे महाभाग मला भेटले आहेत. यंत्रातून ओल्या चादरींचा पीळ हातांनीच ओढून काढावा लागतो, आणि त्याला माणसाएवढे वजन असते. ताईचा उजवा खांदा त्यात कामातून गेला. हात कानाच्या वर जाईना; वेणी मुलगी घालून देऊ लागली. डॉक्टर म्हणाले, "बसून करायचं काम घ्या." ते स्वतः खुर्चीवर बसून हे सांगत होते, एवढेच नमूद करतो.

बसून करायचे काम त्या रुग्णालयात एकच निघाले: तान्ह्या बाळांसाठी भुकटीचे दूध कालवण्याच्या खोलीतील मदतनीस. विभागांतून फोनवर तोंडी मागणी येते, अडीच लिटर, सव्वा लिटर. ती दशांशात लिहून घ्यायची आणि यंत्रावर तोच आकडा लावायचा. जागेसाठी पाचवीच्या गणिताची परीक्षा जाहीर झाली, आणि बावन्नाव्या वर्षी ताईने पाटीऐवजी मुलीच्या जुन्या वहीची कोरी पाने पुढे ओढली.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी भाचीने विचारले, "आई, पॉइंट तीन मोठा की पॉइंट पंचवीस?"

"पंचवीस."

"चूक."

"चूक कशी? तीन माणसांचं घर मोठं की पंचवीस माणसांचं?"

"अगं, ते दहातले तीन आणि हे शंभरातले पंचवीस!"

"मग शंभरातले म्हणजे आणखीच मोठे."

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. मी मध्ये पडलो, कागदाच्या पट्ट्या कापल्या, दहा भाग, शंभर भाग, सर्व काही सविस्तर मांडले. ताई जांभई दाबत ऐकत होती. आठवडाभर चादरी ओढलेल्या माणसासमोर मी व्याख्यान देत होतो.

"पुरे रे, दीडशहाण्या," ती म्हणाली.

"दीड लिहून दाखव."

तिने १.५ लिहिले. अगदी बरोबर.

"आता पावणेदोन शहाणा लिही."

तिने ठसठशीत लिहिले, २.७५.

"मामा, एवढा शहाणा कधी झालास?" भाची खो खो हसली.

घोडे पेंड खात होते ते नेमके इथे. सव्वादोन म्हणजे दोनाच्या पुढे पाव, साडेतीन म्हणजे तिनाच्या पुढे अर्धा. पावणे तेवढे उलट्या पावली चालते. पाठ्यपुस्तकात याचा मागमूस नाही. तिथे 'एक पूर्णांक तीन चतुर्थांश' असे भारदस्त लिहिलेले असते. पुस्तक रचणारी विद्वान मंडळी दुकानात जाऊन 'एक पूर्णांक तीन चतुर्थांश किलो कांदे द्या' म्हणत असतील, तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार. परीक्षा बोललेल्या शब्दांची आणि अभ्यास कोणीही न बोलणाऱ्या शब्दांचा, असा हा कारभार.

मी घड्याळाचा आधार घेतला. "पावणेदहा म्हणजे किती वाजले?"

"दहाला पंधरा मिनिटं कमी. एवढं कळत नाही का मला?"

"मग तेच दशांशात लिही."

तिने ९.४५ लिहिले. तासाचे भाग साठ आणि इथे एकाचे शंभर, हे मी समजावू लागलो, तशी ती उसळली. "मग घड्याळाचं नाव काढलंस कशाला? आधीची एक चूक होती, आता दोन झाल्या!"

तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना. भाचीने चहा केला. कप हातात घेता घेता ताई एकदम म्हणाली, "पावणे म्हणजे पाव्हणेच की रे. पाव्हणे आले की घरातलं काहीतरी कमी होतंच. पावणेदोन. आले दोनाच्या घरी, पाव खाऊन गेले."

"उरले किती?"

ती बोटांवर पुटपुटली. दोनातून एक, त्या एकाचे चार पाव, त्यातला एक गेला. "एक आणि पाऊण. एक पॉइंट पंचाहत्तर."

त्यानंतर तिचे पावणे चुकले नाही. मात्र प्रत्येक वेळी तिला तो पाव्हणा दारातून आत घ्यावा लागे, जेवू घालावा लागे, निरोप द्यावा लागे. उत्तर येई, पण उशिरा.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक मापे वाचत गेले आणि उमेदवार बायका लिहीत गेल्या. सव्वातीन, साडेसात सुरळीत पार पडले. पावणेचार आले. ताईने पाव्हण्याला आत घेतले, तोवर पुढचे माप वाचून झाले होते.

"साहेब, जरा थांबा."

"बाई, फोनवर कोणी थांबत नाही."

त्यांचे म्हणणे एका अर्थी खरेच होते. तिने ३.७५ पूर्ण केले, आणि मधली कित्येक घरे कोरी राहिली.

ती अनुत्तीर्ण झाली. शेजारच्या बाकावरच्या बाईला, ताईच्याच धुलाईघरातल्या सोबतिणीला, ती जागा मिळाली. तिने निम्मी उत्तरे अंदाजाने ठोकली होती आणि नशिबाने ती बरोबर निघाली, हे तिनेच ताईला हसत हसत सांगितले.

मी संतापून म्हणालो, "तूही ठोकून द्यायचंस!"

"बाळांच्या दुधाचं माप? ठोकून?" ताई म्हणाली. "आणि तिचे गुडघे बघितलेस का? बसू दे तिला."

मी रुग्णालयाच्या कार्यालयाकडे सविस्तर तक्रार-अर्ज केला. मापे दोनदा वाचावीत, एवढीच माझी मागणी होती. उत्तर आले: विनंती विचाराधीन आहे, पुढील परीक्षेची तारीख यथावकाश कळवली जाईल. ताईने ते पत्र वाचून माझ्याकडे परत सरकवले. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी बांधलेली होती, त्यामुळे वही तिला डाव्या हाताने ओढून घ्यावी लागली.

"अर्ज राहू दे तुझे," ती म्हणाली. "मापं सांग. भरभर सांग. थांब म्हटलं तरी थांबू नकोस."

"पावणेपाच," मी म्हणालो, आणि ती लिहीत असतानाच पुढचे माप सांगितले.