मिठागराच्या बांधावरचा नारळ

मंडळी, केबिन रोडच्या सायबर कॅफेतून हा मेल टाकतोय. डोकं अजून चालत नाहीये.

रविवारी आपण राई गावच्या मिठागराच्या बांधावर पळणार, म्हणून आज रस्ता बघून यायला गेलो. आपल्याला तिथे पळू देणारे मालक, काका, नारळ फोडत होते. मला वाटलं, मिठाचा हंगाम सुरू करतायत. मी हात जोडले, खोबरं तोंडात टाकलं आणि विचारलं, "काका, यंदा मीठ लवकर?"

"मीठ आता न्हाय. भूमिपूजन हाय. सोमवारपासून मातीचे ट्रक येतील, मग बिल्डिंग."

घास तोंडातच राहिला.

"रविवारी समद्यांना घेऊन ये," काका म्हणाले. "तवर बांध हाय."

याल? मी तर त्या बिल्डिंगचा प्रसाद खाऊन बसलोय. आता चिडू तरी कोणावर?