माता मायच्या मागचा कॅमेरा

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅसचं सिलिंडर आलं की मी वजनकाटा मागते. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते. नवरा फोनवर हळू बोलला की कोणाशी बोलत होता ते विचारते, आणि तो बहिणीचं नाव सांगतो तेव्हा नणंदेला फोन लावून खात्री करते. तीस वर्षं आम्ही ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरात काढली. तिथे नाली तुंबली की ऑफिसात तक्रार लिहायची, माणूस यायचा. नवरा रिटायर झाल्यावर त्याच्या तालुक्याच्या गावी घर बांधलं, तेव्हा कळलं की इथे नाली तुंबली तर आधी ती कोणी तुंबवली हे शोधावं लागतं. ते काम मला आवडलं.

आमचा वॉर्ड गावाच्या टोकाला. आमच्या ओळीनंतर मैदान, मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली माता मायचा, म्हणजे गावदेवीचा, ओटा, त्यामागे रायमुनियाची झुडपं आणि मग जंगल. वॉर्डाची स्वच्छता समिती होती. एक रिटायर तलाठी अध्यक्ष, आणि सचिव मी, कारण माझं अक्षर चांगलं आणि बाकीच्यांना लिहायचा कंटाळा. आम्ही नगरपंचायतीच्या मागे लागून दिवे लावून घेतले, घंटागाडी रोज यायला लावली. मी स्वतः घरोघरी जाऊन ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे बायकांना शिकवलं. कोणी ऐकलं नाही तर घंटागाडीजवळ उभी राहून त्यांच्या बादलीत डोकावून बघायची. लोक मला वैतागले होते, पण वॉर्ड चकाचक होता.

तो गेल्या वर्षीचा आखाड. सकाळी फिरायला जाणाऱ्या दोघांनी मैदानाच्या कडेला बिबट्या पाहिला. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा कुत्रा गेला, नुसता गळ्यातला पट्टा सापडला. आया लेकरांना शाळेत पोचवायला जाऊ लागल्या. वनविभागाचा गार्ड आला. ओट्याच्या मागे गेला, काठीने झुडपं बाजूला केली, तर तिथे हाडकं, पिसं, सडलेला भात, वर माशा. पावसात त्याचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. गार्ड म्हणाला, "बिबट माणसापायी येत नाई. कुत्र्यापायी येते. अन् कुत्रं ह्या हाडकापायी. हे कोण टाकून राह्यलं ते पाहा पहिले."

हाडकं म्हटल्यावर वॉर्डात एकच जागा डोळ्यासमोर येत होती. कोपऱ्यावरचं चिकनचं दुकान. पन्नाशीचा मुसलमान माणूस, बापाच्या हातचं दुकान चालवायचा, सगळे त्याला भाऊच म्हणायचे. समाजमंदिरात बैठक झाली तेव्हा नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी घेतलं.

त्याला बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, माझा सगळा माल मी ड्रमात भरतो," तो म्हणाला. "वरून चुना टाकतो, अन् दुपारी लुनावर शेतात नेऊन गाडतो. कोणाले बी विचारा."

मी कोणाला विचारलं नाही. लोकांच्या सांगण्यावर माझा भरवसा नसतो. मी आठ दिवस दुपारची खिडकीत तांदूळ निवडत बसले. रोज त्याचं शटर अर्धं खाली यायचं, निळा ड्रम लुनाच्या मागे चढायचा, झाकण दोरीने आवळलेलं, आणि लुना मैदानाच्या उलट्या दिशेला जायची. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, झालं, माणूस खरा आहे. मी म्हटलं, लपवायचं काही नसेल तर झाकण इतकं आवळून कशाला बांधायचं? शिवाय निघताना तो रोज माझ्या खिडकीकडे बघायचा. मनात चोर असल्याशिवाय कोणी असं बघतं का, असं मी नवऱ्याला म्हटलं. नवरा म्हणाला, "तू त्याच्यावर डोळे लावून बसते, मंग तो बघल नाई तं काय करल?" त्याचं नुकतंच पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी त्याला उलटून बोलले नाही.

गार्डने बिबट्यासाठी कॅमेरे आणले. हिरवट डबा, झाडाला पट्ट्याने बांधायचा, समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो. एक त्याने जंगलाच्या वाटेवर मोहाच्या झाडाला बांधला. दुसरा कुठे लावायचा याचा तो विचार करत होता. मी त्याला हाताने दाखवलं. ओट्याच्या मागे, कडुनिंबाला, बरोबर हाडकांवर तोंड करून. म्हटलं, "बिबट सापडो न सापडो, टाकणारा सापडला पाहिजे." गार्डने तसा बांधला. मी खालून वर बघून नीट बसला का तेही तपासलं.

मग नगरपंचायतीचे आरोग्य निरीक्षक आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी ती जागा बघितली, मग दुकानात गेले आणि पंधरा मिनिटं बसून हातात काळी पिशवी घेऊन बाहेर आले. मी त्यांना भर रस्त्यात अडवलं आणि पिशवीत काय आहे ते दाखवा म्हटलं. त्यात त्यांचा रेनकोट होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, दुकान तपासायला पंधरा मिनिटं कशाला लागतात? त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला. ओळीतल्या एकूणएक घरांनी सह्या केल्या. अध्यक्षांनी शिक्का मारला. दुकानावर नोटीस लागली, चौकशी होईपर्यंत बंद, आणि तक्रार खरी ठरली तर परवाना कायमचा रद्द. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. शेत म्हणत होता ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या घरामागचं हातभर वावर होतं.

दुकान बंद झालं तरी ओट्यामागचा वास काही जाईना. एखाद्याला तेव्हाच शंका आली असती. मला आली ती भलतीच. मी म्हटलं, बघा, आता मुद्दाम करून राह्यला, वचपा काढायला. समितीतल्या सगळ्यांना ते पटलं.

महिनाभराने, श्रावण लागल्यावर, गार्डने समितीला समाजमंदिरात बोलावलं. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि एकेक फोटो दाखवायला लागला. आधी मोहाच्या झाडावरचे. साळिंदर, डुकरं, मग बिबट्या, दोनदा. आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या. मग ओट्यामागचे सुरू झाले, आणि पहिल्याच फोटोत आमचे अध्यक्ष होते. दिवसाउजेडी, नवं धोतर नेसून, हातात पानांची पत्रावळ, ओट्याच्या मागे वाकलेले. त्यांची सून मागे भाताचा गंज घेऊन उभी. पुढच्यात शेजारची बाई. मग खजिनदार. मग एक फोटो आला, आणि मला आधी माझी हिरवी साडी ओळखू आली, मग मी.

आमच्याकडे आखाडात माता मायला कोंबडा देतात. कोणाचा नवस असतो, कोणाचा वर्षाचा रिवाज. तिथेच कापायचा, तीन दगडांच्या चुलीवर तिथेच रांधायचा, घरच्यांनी आणि बोलावलेल्यांनी तिथेच जेवायचं. आणि उरलेलं घरी आणायचं नाही. मातेचं जेवण उंबरठा ओलांडत नाही, ते ओट्याच्या मागे पत्रावळीवर मातेच्या नावाने ठेवून द्यायचं. मुंडी, पाय, पिसं, भात, सगळं. आखाडात एकही मंगळवार रिकामा जात नाही. नवऱ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून मीही नवस फेडला होता, कॅमेरा बांधल्यानंतर चौथ्या दिवशी. ज्या कॅमेऱ्याची जागा मी दाखवली त्याच्याच समोर मी पत्रावळ ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. कॅमेरा तिथे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तो माझाही फोटो काढेल हे मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्याच्या बादलीत डोकावून ओला-सुका बघणारी मी, पण ओट्यामागचं ते कचरा आहे, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर मीच मला धरलं असतं.

चिकनवाल्या भाऊचा एकही फोटो नव्हता. त्याच्या ड्रमचाही नाही.

गार्ड लॅपटॉपकडे बघत होता, आमच्याकडे नाही. शेवटी अध्यक्ष खाकरले. "हा प्रसाद होय," ते म्हणाले. "प्रसादाले कचरा म्हणता येत नाई. हे फोटो कागदावर घ्याचं काम नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, लिवा. बिबट्याचा वावर दिसून आला, वनविभागाने पिंजरा लावावा." आणि मी लिहिलं. चांगल्या अक्षरात, खाली सही करून. दुकानाबद्दल एक शब्द नाही. गार्डने लॅपटॉप बंद केला, आणि दाराशी मला एकटीला गाठून हळूच म्हणाला, "तुमचा फोटो पायजे असल तं सांगजा." मी त्याच्यावर डोळे वटारले. मला वाटलं, हा आता मला दबवणार.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त, अध्यक्षांचा, गार्डचा, त्या डब्याचा. तिसऱ्या दिवशी मी दुकानाकडे गेले. भाऊ आणि त्याचा साळा मिळून लोखंडी पिंजरे पिकअपमध्ये चढवत होते. साळ्याचं अहेरीच्या बाजारात कोंबड्यांचं बस्तान होतं, तिथे जायचं ठरलं होतं. मी विचारलं, "भाऊ, ते कोण टाकत होतं, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने पिंजरा खाली ठेवला. "ठाऊक कसं नाई, बाई. नोटीस लागेपर्यंत वार्डातले सारे कोंबडे माझ्याच दुकानातून गेले. तुमचा लाल कोंबडा मीच निवडून देल्ता, बिनखोटाचा. तुम्ही त्याचे पाय, पंख, चोच, सारं तपासून घेतलं. घरी गेल्या अन् मंग खिडकीत येऊन बसल्या."

"मग बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? माझ्या तोंडून हे निघालं असतं, का बिबट तुमच्या मातेच्या जेवणापायी येते, तं काय झालं असतं?" तो माझ्याकडे बघत नव्हता, दोरीची गाठ मारत होता. "आता दुकान बंद हाय. तवा घर बंद झालं असतं."

मी घरी आले आणि गार्डला फोन केला. त्याने त्याच दुपारी माझा फोटो छापून आणून दिला, आणि मी त्याच्यावर डोळे वटारल्याबद्दल काही बोलला नाही. मी साधा अर्ज लिहिला, की तक्रार चुकीची होती, ओट्यामागे उरलेलं टाकणाऱ्यांत मी स्वतः आहे, सोबत पुरावा. अध्यक्ष सही देईनात. म्हणाले, "तुमच्या एकटीच्या फोटोनं साऱ्या वार्डाचं नाक कापाल." नवऱ्याने दिली, थोडी कुरकुर करून. त्या दोन सह्या घेऊन मी नगरपंचायतीत गेले. निरीक्षकांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. त्यांच्या तोंडावर हसू येत होतं ते त्यांनी आवरलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पंधरा दिवसांत नोटीस मागे घेतल्याचं पत्र निघालं. परवाना कायम. समितीने मला सचिवपदावरून काढलं, आणि ओळीतल्या चार घरांनी बोलणं सोडलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

पत्र हातात पडल्याबरोबर मी भाऊला अहेरीला फोन लावला. मागे बाजाराचा गलका होता. मी पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आता कशाची अडचण नाही. या परत, उद्या शटर उघडा."

पलीकडे त्याने आधी कोणाला तरी कोंबड्याचा भाव सांगितला. मग फोनवर आला.

"येतो न बाई," तो म्हणाला. "माझ्या बापाचं दुकान हाय ते. पण एक सांगा पहिले. पुढच्या आखाडात पुन्हा वास आला, तं माझ्या नावानं पहिला अर्ज कोण करल? तेवढं नाव सांगा. मी त्या घरापासून सांभाळून राहीन."

मी फोन कानाला धरून खिडकीतून आमच्या ओळीकडे बघितलं. एका टोकापासून एकेक घर मनात घेतलं, हा नाही करणार, ही नाही करणार, असं म्हणून बघितलं. एकाही घराबद्दल तसं म्हणता येईना. शेवटी आमचंच घर राहिलं, आणि त्याच्याबद्दलही मला खात्री देता आली नाही. भाऊ पलीकडे थांबून होता, मी म्हटलं, "नंतर सांगते," आणि फोन ठेवला.