शेवटचा उतरेपर्यंत

फळ्याला खडू लावण्याआधी पटले सर मेश्रामला हाक मारायचे. "मेश्राम, आज घरी येशील का?" घरी म्हणजे आमच्या धावपट्टीवर परत. मेश्राम आमच्या क्लबातला सगळ्यांत कच्चा वैमानिक, आणि त्याचं ग्लायडरही सगळ्यांत जुनं. तो "येतो, सर" म्हणाला की सर त्या दिवसाच्या शर्यतीचा रस्ता फळ्यावर लिहायचे. तो किती लांब ठेवायचा, हे ठरवणं त्यांचं काम. ग्लायडरला इंजिन नसतं. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिच्यात घारीसारख्या गिरक्या घेत उंची मिळवायची आणि पुढे सरकायचं. रस्ता झेपला नाही तर दिसेल त्या शेतात उतरायचं.

आमच्याकडे एक रीत होती. शेवटचा उतरल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. "कायले लांब ताणू?" सर म्हणायचे. "पयला येणारा कसाबी येते. शेवटचा जेवायले आला पायजे."

एका उन्हाळ्यात बाहेरगावचे वैमानिक आले. ग्लायडरं कशी, नुसती बघत राहावीत! सरांनी लिहिलेल्या कचारगडच्या डोंगरापर्यंत जाऊन ते चहाच्या आत परत. त्यातला एक सरांच्या तोंडावर म्हणाला, "सरजी, ये तो बच्चों का टास्क है." सगळे हसले, आमचेही हसले. सरांचे कान लाल झाले. त्यांना असं खजील झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची बाजू घ्यायला एकाचीही जीभ उचलली नाही. माझीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेश्रामला हाक मारली नाही. कचारगड लिहिलेलं होतं ते पुसलं आणि लिहिलं देवरी, तिथून चोरखमारा, मग परत; कितीतरी लांबचा रस्ता.

"सर, चोरखमाऱ्याखाली उन्हाळी धान आहे," मी म्हटलं. "बांध्या पाण्यानं भरल्या असतील." ओल्या चिखलावर हवा चढत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"मले मालूम हाय," ते फळ्याकडेच बघत म्हणाले.

त्या दिवशी एकही ग्लायडर परत आलं नाही. पाहुणे कुठे कुठे पडीक जमिनीत उतरले. मीही तशीच उतरले. मेश्राम मात्र थेट लोंबीवर आलेल्या धानात गेला आणि पाय मोडून घेतला. मी जवळच उतरले होते; चालत तिथे पोचले तेव्हा सरांनी त्याला जीपमधून दवाखान्यात पाठवलं होतं आणि स्वतः अनवाणी बांधीत उतरून आडवं झालेलं धान हातानं उभं करत होते. शेताच्या कडेला, धुऱ्यावर, शेतकरी उभा होता. तो हळूच म्हणाला, "राहू द्या साहेब. ते आता उभं नाई राहत." सर थांबले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेतकऱ्याचं नुकसान सरांनी भरून दिलं, मेश्रामचा पायही जुळून आला. पण खडू त्यांनी माझ्या हातात दिला तो कायमचा. शर्यतीला यायचे, मागे खुर्ची टाकून बसायचे, आणि ताटं मांडू लागलो की गुपचूप निघून जायचे. मी एकदा अडवलं, "सर, जेवून जा ना." म्हणाले, "काऊन लाजवून राहिली, पोरी?" पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

या हिवाळ्यात सर गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहुणे आले होते. मी मेश्रामला विचारलं आणि कचारगड लिहिलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. माझं तोंड असं तापलं म्हणून सांगू! हात डस्टरकडे गेलासुद्धा.

"पुसू नोको, पोरी," मागच्या खुर्चीतून सर सगळ्यांसमोर म्हणाले. "मीबी असाच पुसला होता."

संध्याकाळी मेश्राम सगळ्यांत शेवटी उतरला आणि पाय जरासा ओढत ताटावर येऊन बसला. सर उठले. मला वाटलं, निघाले. ते नळावर गेले, हात धुतले आणि मेश्रामच्या शेजारी मांडी घालून बसले.

"वाढ," मला म्हणाले.